गौतमीपुत्र सातकर्णी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात पश्चिमेकडून आलेल्या शकांनी सातवाहनांचा मोठा मुलूख बळकावला. नाशिक, जुन्नर, कार्ले हा सारा प्रदेश क्षहरात कुळातील नहपानाच्या हाती गेला. सातवाहनांचा अस्त झाला, असेच तेव्हा अनेकांना वाटले असेल. अशा पडत्या काळात गौतमी बलश्रीचा पुत्र सातकर्णी गादीवर आला.

कारकिर्दीच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याने क्षहरातांचे राज्य मोडून काढले. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला आहे. शत्रूचे नाणे त्याने वितळविले नाही. त्याच्या मुखावरच आपली मुद्रा मारली.

त्याच अठराव्या वर्षी विजयी छावणीतून त्याने गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा धाडली. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडील दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मी लेण्यांतील भिक्खूंना द्यावे, अशी ती होती. उषवदातानेही त्याच डोंगरात भिक्खूंसाठी लेणे कोरविले होते, हे येथे विसरू नये. राज्य बदलले, पण संघाचा आधार तुटला नाही.

मात्र दानपत्र लिहिले म्हणून शेत पिकत नाही. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरी आज्ञा निघाली. आधी दिलेले शेत कसले जात नव्हते आणि ते गावही वसलेले नव्हते. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून शंभर निवर्तने देण्यात आली. या आज्ञेत राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे. पडीत जमिनीचे दुःख जाणणाऱ्या आपल्या भातकुलीच्या वाचकांना ही नोंद विजयवार्तेहून जवळची वाटेल. राजाने चूक झाकली नाही, दुरुस्त केली.

नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी वृद्ध बलश्रीने त्याच डोंगरातील लेणे भिक्खूसंघास अर्पण केले व दिवंगत पुत्राची कीर्ती तेथे कोरविली. त्याच्या राज्याच्या यादीत विदर्भाचे नाव आहे. चातुर्वर्ण्याचा संकर त्याने रोखला, अशी प्रौढीही तेथे आहे. त्या प्रौढीचा अभिमान आम्ही बाळगू शकत नाही. परंतु ती लपवून चरित्र सांगणेही प्रामाणिक नव्हे.

आपल्या वऱ्हाडात तऱ्हाळा येथे, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, १९३९ साली सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा मिळाला. त्यांत गौतमीपुत्राचीही शेकडो नाणी आहेत.