कमला सोहोनी : वालाच्या दाण्यातून प्रथिनाच्या घडीकडे

थंडी पडली की पेण-रोह्याच्या शेतांवर पोपटीचा धूर दिसू लागतो. भांबुर्डीच्या पाल्यात, मडक्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगांची चव सर्वश्रुत आहे. मात्र याच वालातील एका प्रथिनाचे स्फटिक मिळवून ते जगापुढे मांडणाऱ्या संशोधिका डॉ. कमला सोहोनी होत्या, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत या विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अजमावणीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखवले. 1939 मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशी परतल्या. हे प्रथिन पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉनची ने-आण करते. 1966 मध्ये डेव्हॉल्ट आणि चान्स यांनी जीवाणूंतील सायटोक्रोमवर प्रयोग केले. तापमान कितीही उतरवले तरी एका मर्यादेनंतर इलेक्ट्रॉनचा वेग घटेना. ऊर्जेचा डोंगर न चढता इलेक्ट्रॉन जणू बोगद्यातून पलीकडे जात होता. पुंजभौतिकी सजीवांच्या रेणूंतही कार्यरत असल्याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला.

1947 मध्ये विवाहानंतर कमलाबाई मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत अध्यापन करू लागल्या. नीरा, कडधान्ये हे सामान्यांचे अन्न त्यांनी अभ्यासासाठी निवडले. वाल आणि डबल बी यांतील, पचनाच्या ट्रिप्सिन विकराला अडवणाऱ्या प्रथिनांवरील त्यांचा व सहकाऱ्याचा निबंध 1955 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा प्रथिनाची घडी ट्रिप्सिनमध्ये कुलपात किल्ली बसावी तशी बसते. शिजवताना उष्णतेने ती बऱ्याच अंशी विस्कटते आणि अन्न पचनास सुलभ होते. ही घडी सांभाळणाऱ्या बंधांचे गणित अखेर पुंजभौतिकीच्याच नियमांवर उभे आहे.

1998 मध्ये कमलाबाईंचे निधन झाले. प्रवेशासाठी झगडावे लागलेल्या या विदुषीचे संशोधन मात्र कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघराशी नाते सांगणारे आहे.