फोर्ड कपातले स्टोक्स

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स सुरू झालं की एक नाव मानगुटीवर बसतं, ते फायनल इयरपर्यंत उतरत नाही. नेव्हियर-स्टोक्स समीकरण, स्टोक्सचा नियम, शिवाय मॅथ्समध्ये स्टोक्सचं प्रमेय! व्हायवात हे नाव सगळेच घेतात. पण हा माणूस कोण, कुठला, असं विचारलं तर अख्ख्या विंगमध्ये शांतता. मी खालापूर तालुक्यातला. माझी आणि स्टोक्स यांची खरी ओळख झाली ती ट्रेनिंगमध्ये, खोपोलीजवळच्या एका वर्कशॉपच्या पेंट बूथमध्ये. तिथून पुढे लायब्ररीत बसून जे वाचलं, ते मित्रांसाठी लिहितोय.

जॉर्ज गॅब्रियल स्टोक्स यांचा जन्म 13 ऑगस्ट 1819 चा, आयर्लंडमधल्या स्क्रीन नावाच्या खेड्यातला. वडील तिथले धर्मगुरू. शिक्षणासाठी मुलगा आधी डब्लिनला, मग ब्रिस्टलला आणि 1837 मध्ये केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात गेला. म्हणजे आपल्यासारखाच घरापासून लांब राहून शिकलेला. 1841 मध्ये ते गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर आले. रँग्लर हा शब्द आपल्याला परांजप्यांमुळे माहीत आहे. कोकणातल्या मुर्डीच्या र. पुं. नी 1899 मध्ये हाच मान मिळवला, तेव्हा ऐंशीच्या घरातले स्टोक्स त्याच विद्यापीठात प्राध्यापक होते!

स्टोक्स यांनी डोकं घातलं ते एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीत. पाणी पटकन वाहतं, मध सावकाश वाहतो, असं का? द्रवाचे थर एकमेकांवर घासतात. हे आतलं घर्षण म्हणजेच व्हिस्कॉसिटी. 1845 मध्ये त्यांनी ते गणितात बसवलं. फ्रान्सच्या नेव्हियर यांनी 1822 मध्ये तिथवर मजल मारली होती, पण स्टोक्स वेगळ्या वाटेने गेले. म्हणून समीकरणाला दोघांचं नाव. 1849 मध्ये ते न्यूटन ज्या पदावर होते त्या ल्युकेशियन प्राध्यापकपदावर आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. मानाचं पद असलं तरी पगार बेताचा. काही वर्षं त्यांना लंडनच्या खाणकाम विद्यालयातही शिकवावं लागलं.

ते नुसते कागदावरचे गणिती नव्हते. 1847 मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा लोखंडी रेल्वे पूल गाडीखाली कोसळला आणि पाच माणसं गेली. उभ्या गाडीपेक्षा धावत्या गाडीने पूल किती जास्त वाकतो, हा तेव्हा सरकारी चौकशीचा प्रश्न झाला. त्यावरचं समीकरण 1849 मध्ये स्टोक्स यांनी सोडवलं. आपल्या बोरघाटातून 1863 मध्ये रेल्वे धावू लागली, ती याच काळातली.

त्यांचा प्रसिद्ध नियम 1851 मध्ये छापला गेला. काम होतं लंबकाचं. हवेच्या घर्षणाने लंबकाच्या झोक्यात फरक पडतो, तो हिशेबात धरायचा होता. त्यातून बारीक गोळा द्रवातून किंवा हवेतून किती वेगाने पडतो, याचं सूत्र निघालं. व्यास निम्मा झाला की पडण्याचा वेग चौथाई. ढग खाली का पडत नाहीत, हेही त्यांनी त्याच लेखात याच सूत्रावरून सांगितलं. जुलैत खोपोलीहून घाटाकडे पाहिलं तर डोंगराला चिकटलेले ढग दिसतात. ते पाण्याचे थेंबच, पण इतके बारीक की हवा त्यांना खाली येऊ देत नाही.

आता पेंट बूथ. स्प्रे गनने मारायचा रंग किती पातळ असावा, हे आमचे पेंटर काका काठी बुडवून, गळणारी धार बघून ठरवायचे. त्यांचा हात तयार होता. पण जानेवारीत कर्जतची सकाळ गार असते, रंग घट्ट होतो आणि थिनर जास्त पडतो. दुपारी तोच रंग पाण्यासारखा पळतो. उभ्या पत्र्यावर ओघळ येतात, थर पातळ बसतो आणि पावसाळ्यात गेटला गंज धरतो.

त्यावर उपाय म्हणजे फोर्ड कप बी-4. शंभर मिली रंगाचा कप, तळाला सुमारे 4 मिलीमीटरचं भोक. आधी डबा तळापासून ढवळायचा, कारण रंगातली जड पूड खाली बसते (हाही स्टोक्सचाच नियम). रंग गाळून, भोकाला बोट लावून कप काठोकाठ भरायचा. बोट काढताच स्टॉपवॉच सुरू, अखंड धार तुटली की बंद. साध्या गनला बहुधा 18 ते 25 सेकंद लागतात, नेमका आकडा आणि तापमान रंगाच्या डेटा शीटवर असतं. थिनर थोडा थोडा घालायचा आणि दर वेळी पुन्हा मोजायचं. कपातून रंग स्वतःच्या वजनाने उतरतो, म्हणून हे सेकंद व्हिस्कॉसिटी भागिले घनता दाखवतात. तिचं सीजीएस एकक स्टोक्स. 20 अंशांना पाणी साधारण एक सेंटिस्टोक.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हवेचा दाब तोच ठेवून रंग फार पातळ केला की थेंब जास्त बारीक होतात. मी सूत्रात आकडे घातले. 10 मायक्रॉनचा थेंब सेकंदाला जेमतेम 3 मिलीमीटर खाली येतो. दीड मीटर उतरायला आठ मिनिटं! आणि ही झाली स्थिर हवेतली गोष्ट. तेवढा वेळ तो पेंटरच्या नाकासमोर तरंगत असतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला पुरा पडत नाही, थिनरच्या वाफेला तर मुळीच नाही. तिथे एक्झॉस्ट आणि कार्ट्रिजचा मास्कच हवा.

माणूस म्हणून स्टोक्स अबोल, पण पत्रं लांबलचक. 1857 मध्ये लग्नाआधी त्यांनी होणाऱ्या बायकोला कळवलं होतं की रात्री तीनपर्यंत एका गणिताशी झुंजत बसलो होतो. सबमिशनच्या आदल्या रात्रीचा आपला विक्रम काही नवा नाही! स्टोक्सचं प्रमेय मुळात केल्व्हिन यांनी 1850 मध्ये त्यांना पत्रातून कळवलेलं. स्टोक्स यांनी 1854 मध्ये ते एका परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं आणि पेपर सोडवायला बसले होते मॅक्सवेल. 1854 ते 1885 अशी 31 वर्षं ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. दुसऱ्यांचे लेख वाचायचे, सुधारायचे, चुका दाखवायच्या. स्वतःचं संशोधन त्यात मागे पडलं, पण कित्येकांचं उभं राहिलं.

1 फेब्रुवारी 1903 रोजी केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं. आपल्यातले बरेच जण उद्या कुठल्या तरी शॉप फ्लोअरवर इंजिनिअर म्हणून उभे राहतील. हाताखालचा पेंटर आपल्यापेक्षा अनुभवी असेल, त्याचा मान ठेवायचाच. पण त्याला कप, थर्मामीटर आणि मास्क मागायची वेळ येऊ देऊ नका. ते आधीच तिथे असले पाहिजेत.