कै. दादासाहेब फाळके व हलणारी चित्रे

जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतील यात्रांत घाटातून बैलगाडा धावू लागला, म्हणजे चाकाचे आरे निरनिराळे दिसत नाहीत. सारे मिळून एक धूसर चकती भासते. शेकोटीतले पेटते कोलीत अंधारात गरगर फिरविले, तर अग्नीचे अखंड कडे दिसते. वास्तविक तेथे कडे नसते, एक निखारा मात्र असतो. डोळ्यांत उमटलेला प्रकाशाचा ठसा प्रकाश सरल्यावरही क्षणभर टिकतो, म्हणून असे होते. अशा गुणांचा उपयोग करून ज्यांनी आपल्या देशात चित्रपटाचा धंदा उभारिला, आणि त्या खटपटीत स्वतःची दृष्टी गमावण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्या गृहस्थांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृताचे जाणते शास्त्री. स्कॉच मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनी मुंबईस स्थापिलेल्या विल्सन कॉलेजात त्यांस संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले, म्हणून कुटुंब मुंबईस आले. धुंडिराज १८८५ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, फोटोग्राफी व छपाईचे ठसे करण्याची विद्या शिकले. गोध्रे येथे त्यांनी फोटोचा धंदा मांडिला. परंतु प्लेगाच्या साथीत पत्नी व मूल दगावले, आणि त्यांनी ते गाव सोडिले.

नंतर त्यांनी आपल्याच पुणे जिल्ह्यात लोणावळ्यास छपाईचा कारखाना काढिला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस गेले. ह्या कामातही डोळ्यांचाच खेळ असतो. छापलेले रंगीत चित्र भिंगाखाली धरून पाहावे. पिवळे, तांबडे, निळे व काळे असे बारीक ठिपकेच दिसतात. ते दुरून निरनिराळे ओळखता येत नाहीत, म्हणून पिवळ्या-निळ्यांचे हिरवे पान व पिवळ्या-तांबड्यांचे नारिंगी फूल दिसते.

भागीदारांशी न पटल्यामुळे हा धंदा सुटला. अशा निराशेच्या काळी, १९१०-११च्या सुमारास, त्यांनी मुंबईत गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्राचा मुका चित्रपट पाहिला. तो पाहत असता, राम व कृष्ण ह्यांची चरित्रे अशीच पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांच्या मनात शिरला, तो पुन्हा निघाला नाही. त्यांनी एक लहानसे खेळण्यातले यंत्र विकत आणिले, व मेणबत्ती आणि भिंग ह्यांच्या साहाय्याने घरच्या भिंतीवर चित्रे पाडून पाहिली. दिवसाचे कित्येक तास चित्रपट पाहावे, रात्री प्रयोग करावे, झोप थोडी घ्यावी, असा क्रम चालला. परिणामी डोळे बिघडले, व काही काळ त्यांस दिसेनासे झाले. दुसऱ्याने येथेच हात टेकले असते. वैद्यकीय उपचारांनी व निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली, तेव्हा फाळके पुन्हा त्याच कामास लागले.

विम्याचे कागद गहाण ठेवून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, आणि कला शिकून व कॅमेरा घेऊन परतले. पैसा लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, आणि रोप वाढत असता थोड्याथोड्या अवकाशाने एकेक चित्र घेतले. महिन्याभराची वाढ पडद्यावर सुमारे मिनिटभरात दिसली! जे इतके सावकाश घडते की कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही, ते त्यांनी दाखविले.

चित्रपटाची फीत म्हणजे स्थिर चित्रांची माळ होय. यंत्रात प्रत्येक चित्र क्षणमात्र थांबते, आणि पुढचे येईपर्यंत प्रकाश झाकला जातो. तो अंधार आपल्या ध्यानात येत नाही. मुक्या चित्रपटात सेकंदास सुमारे सोळा चित्रे जात. बोलपटात चोवीस जाऊ लागली. गती भासण्यास ठशाचे टिकणे एवढेच कारण नव्हे; एकामागून एक आलेली चित्रे मेंदू जोडून घेतो. माक्स वेर्थायमर ह्या विद्वानाने ह्याविषयीचे आपले संशोधन जर्मनीत १९१२ सालीच प्रसिद्ध केले.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. स्त्रिया काम करण्यास मिळेनात, म्हणून तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई ह्यांनी अंधाऱ्या खोलीत फितीस भोके पाडण्याचे नाजूक काम केले. त्यांचे नाव विसरणे योग्य नव्हे. १९१७ साली चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक चित्रपटही फाळक्यांनी काढिला, म्हणजे आपली विद्या त्यांनी झाकून ठेविली नाही. बोलपटांच्या युगात त्यांचा धंदा मागे पडला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले.

आता खेड्यापाड्यांत मोबाईलवर मुलेदेखील हलणारी चित्रे पाहतात. त्यांस ह्यातील मर्म कळावे म्हणून शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. जुन्या वहीच्या पानांच्या कोपऱ्यांवर एकच पक्षी वीसपंचवीस वेळा काढावा. पंख दर पानावर किंचित वर अथवा खाली दाखवावे. मग अंगठ्याने पाने भराभर सोडावी. पक्षी उडू लागेल. आणि एखाद्या मुलास तो नीट दिसत नसेल, तर त्यास आळशी न म्हणता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.