रंगस्वामी नरसिंहन

रंगस्वामी नरसिंहन (१७ एप्रिल १९२६ – ३ सप्टेंबर २००७) हे भारतीय संगणकशास्त्रज्ञ होते. टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा आद्य संगणक त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत तयार झाला. चित्रांच्या वर्णनासाठी आकारिक भाषा, म्हणजे नेमक्या नियमांनी बांधलेली भाषा, योजणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

शिक्षण आणि टिफ्रॅक

मद्रास येथे दूरसंचार अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले. इंडियाना विद्यापीठाची गणितातील पीएच.डी. मिळवून १९५४ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांच्या गटातील बहुतेकांनी तोवर संगणक वापरलाही नव्हता. तरीही १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले.

चित्रांचे व्याकरण

१९६० नंतरची काही वर्षे नरसिंहन इलिनॉय विद्यापीठात होते. मूलकणांच्या मार्गांची असंख्य छायाचित्रे यंत्राकडून वाचून घेण्याचा प्रश्न तेथे पुढे आला. चित्र कोणत्या वर्गातले एवढेच ठरवणे त्यांना अपुरे वाटले. चित्रात कोणते घटक आहेत व ते कसे जोडलेले आहेत, याचे वर्णन यंत्राला करता आले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी बिंदू, रेषा, सांधा हे मूळ घटक आणि त्यांच्या जोडणीचे नियम त्यांनी मांडले. यंत्राने काय ओळखायचे हे आधी नियमांत सांगायचे आणि मग आज्ञावली रचायची, हा त्यातील क्रम होता. हीच पद्धत पुढे हाताने लिहिलेली रोमन अक्षरे ओळखण्यासाठी वापरली गेली.

भाषाविषयक संशोधन

पुढे ते मानवी भाषेकडे वळले. तमिळ बालकाच्या भाषाग्रहणाचा त्यांनी सहकाऱ्यासमवेत अभ्यास केला. मूल भाषा शिकते ते व्यवहारातून. केवळ व्याकरणाच्या नियमांनी तिचा उलगडा होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. चित्रांना व्याकरण देणाऱ्या संशोधकानेच व्याकरणाची मर्यादाही दाखवून दिली, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय. ‘मॉडेलिंग लँग्वेज बिहेवियर’ (१९८१) या ग्रंथात हे विवेचन आहे.

संस्थात्मक कार्य व सन्मान

ते कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष होते. सीएमसी या सरकारी संगणक कंपनीच्या उभारणीतही त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९७७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.