विल्यम केरी : ईश्वराज्ञा आणि तिची किंमत

इ. स. १८२९ च्या डिसेंबरची ६ तारीख, वार रविवार. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी वसलेल्या श्रीरामपुरात डॉ. विल्यम केरी सकाळच्या उपासनेस निघण्याच्या बेतात होते, तोच सरकारातून त्यांच्याकडे एक कागद आला. सतीची चाल बेकायदा ठरविणारा, लॉर्ड बेंटिंक यांनी दोनच दिवसांपूर्वी मंजूर केलेला तो कायदा होता. त्याचे बंगाली भाषांतर केरी यांनी करून द्यावयाचे होते. केरींचे वय तेव्हा ६८ वर्षांचे. ज्या पंथात त्यांची हयात गेली, त्या पंथात रविवारचा दिवस देवाचा; त्या दिवशी लेखणी हाती धरून सरकारी काम करणे हे धार्मिक मनुष्यास शोभणारे नव्हे, अशी समजूत. केरींनी उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपविले, आपल्या पंडितास बोलावणे धाडले, आणि दिवस मावळण्यापूर्वी भाषांतर पुरे केले. एका दिवसाचा विलंब झाला असता तर तेवढ्यात आणखी किती विधवा चितेवर गेल्या असत्या, हा हिशेब त्यांच्यापुढे होता.

ईश्वराची आज्ञा जन्मभर पाळणे म्हणजे नेमके काय, ह्याविषयी सर्वच धर्मांच्या लोकांत पुष्कळ गैरसमज आहेत. कोणी ते सोवळ्याओवळ्यात पाहतो, कोणी वारांच्या नेमात. केरींनी त्या रविवारी नेम मोडला. तो मोडण्याचा अधिकार त्यांना कशाने मिळाला, हे कळण्यास त्यांचे पूर्वायुष्य पाहिले पाहिजे.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडात नॉर्दॅम्प्टन परगण्यातील पॉलर्सपरी ह्या खेड्यात झाला. बाप विणकर, पुढे गावचा शाळामास्तर. मुलगा जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीस लागला. पुढे मोठेपणी एका मेजवानीत कोणी त्यांच्या जुन्या धंद्याचा खोचक उल्लेख केला, तेव्हा आपण जोडे नवे शिवणारे नव्हतो, केवळ जुने दुरुस्त करणारे होतो, असे त्यांनीच सुधारून सांगितले म्हणतात. आरीशेजारी पुस्तक ठेवून त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू ह्या भाषा मिळविल्या. १७८३ साली नेन नदीत बाप्तिस्मा घेऊन ते बाप्टिस्ट पंथात आले. ख्रिस्ताने सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा आपल्या शिष्यांस दिली ती केवळ पहिल्या शिष्यांपुरती नसून आजच्या ख्रिस्ती माणसावरही बंधनकारक आहे, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. १७९२ साली त्यांनी त्यावर एक लहानसे पुस्तक छापले. त्याच वर्षी केटरिंग येथे बारा-तेरा पाळक व गृहस्थ जमून मंडळी स्थापन झाली. प्रारंभीची वर्गणी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. आमच्या पेठेतील एखाद्या मध्यम दुकानदारानेही ह्या भांडवलावर धंदा काढण्याचे धाडस केले नसते.

कंपनी सरकार मिशनऱ्यांस आपल्या मुलखात येऊ देत नसे. तेव्हा १७९३ साली परवान्यावाचून, एका डॅनिश जहाजातून केरी निघाले व नोव्हेंबरात बंगालात पोहोचले. पोटासाठी मालदा भागात नीळ-कारखान्यावर देखरेखीची नोकरी धरली. १७९९ साली नवे सोबती आले, त्यांसही कंपनीने थारा दिला नाही. म्हणून डॅनिश अंमलाखालच्या श्रीरामपुरात मार्शमन व वॉर्ड ह्यांच्यासह त्यांनी ठाणे दिले. राजाज्ञा आणि ईश्वराज्ञा ह्यांचा विरोध आला असता कोणती मोडावी, हे त्यांनी डांगोरा न पिटता ठरवून टाकले होते.

परंतु ह्या आज्ञापालनाची किंमत कोणी मोजली, हे न सांगता त्यांचे चरित्र गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. केरींची पत्नी डॉरोथी निरक्षर होती. विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुलीच केली. समुद्रापार जाण्यास तिने प्रथम साफ नकार दिला. ती गरोदर होती. पुढे बाळंत होऊन थोडेच दिवस झाले असता, धाकट्या बहिणीला सोबत घेण्याच्या अटीवर ती निघाली. बंगालात दारिद्र्य, जुलाब, ताप. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर मरण पावला. त्यानंतर तिचे चित्त भ्रमले ते शेवटपर्यंत सावरले नाही. १८०० सालच्या डिसेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा, म्हणजे सात वर्षांच्या कष्टांच्या पहिल्या फळाचा, बाप्तिस्मा नदीवर होत असता, वाटेलगतच्या खोलीत कोंडलेल्या डॉरोथीचे आक्रोश जमलेल्या लोकांस ऐकू येत होते. १८०७ साली ती गेली. केरींनी तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकले नाही, घरीच सांभाळले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तथापि हाक आपणास आली, तिचे देणे मात्र दुसऱ्याच्या खात्यावर पडले, ही गोष्ट पुसता येत नाही. आज्ञा पाळणारा पुरुष आणि त्याची फरपटलेली स्त्री, हे चित्र हिंदुस्थानातील साधुसंतांच्या घरांतही अपरिचित नाही.

कामाविषयी मात्र तोड नाही. १८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगालीचे व संस्कृताचे शिक्षक झाले. पुढे मराठीही त्यांच्याकडे आली. वैजनाथ पंडितांच्या साह्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. आमच्या भाषेचे आरंभीचे छापील ग्रंथ मुंबई-पुण्याऐवजी हुगळीच्या तीरावर निघाले, हे पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. पगार चांगला घसघशीत होता. परंतु त्यातील निर्वाहापुरते ठेवून बाकी सर्व सामाईक तिजोरीत जाई. तीन कुटुंबांची मिळकत एक, पंक्तही एक. नव्या ख्रिस्ती लोकांत जातिभेदास जागा द्यावयाची नाही, ह्यावर ते अडून राहिले. १८०३ साली त्या सुताराच्या मुलीचे लग्न ब्राह्मण कुळातून आलेल्या ख्रिस्ती तरुणाशी लागले.

११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्यास आग लागली. केरी तेव्हा कलकत्त्यास होते. कागदाची रिमेच्या रिमे, अनेक लिप्यांचे टाईप, आणि त्यांच्या हातच्या व्याकरणांच्या व एका मोठ्या बहुभाषिक कोशाच्या वह्या जळून राख झाल्या. व्यापाऱ्यास वखार जळाल्याचे दुःख काय ते ठाऊक असते. पण वखारीतला माल पुन्हा विकत मिळतो, वर्षांनुवर्षांची वही मिळत नाही. केरींनी ह्यात ईश्वराच्या अन्यायाचा शोध घेतला नाही. टाईप ओतण्याचे साचे ढिगाऱ्याखाली शाबूत सापडले, तेव्हा वितळलेल्या शिशाचे पुन्हा टाईप पडू लागले, आणि भाषांतराचे काम त्यांनी पहिल्या ओळीपासून परत आरंभिले. त्यांच्या स्वभावाचे मर्म आम्हांस येथे दिसते. अंगी विलक्षण प्रतिभा आहे असा दावा त्यांनी कधी केला नाही. आपण चिकाटीने रेटीत राहू शकतो, एवढेच ते म्हणत.

सतीचा प्रश्नही असाच तीस वर्षे रेटलेला होता. १७९९ साली त्यांनी डोळ्यांदेखत एक विधवा जळताना पाहिली, तिला सोडविण्यासाठी जमावाशी वाद घातला, आणि ते हताश होऊन परतले. पुढे त्यांनी माणसे धाडून मोजणी करविली. १८०३ साली कलकत्त्याभोवतीच्या ३० मैलांच्या टापूत ४३८ सती गेल्याचा आकडा निघाला. शास्त्राधार पंडितांकडून तपासून तो गव्हर्नर जनरलपुढे ठेविला. पुढे राममोहन रॉय ह्यांच्यासारखे कसलेले लढवय्ये त्याच पक्षास मिळाले. त्या रविवारी आलेला कागद म्हणजे एका जुन्या अर्जाला मिळालेले उत्तर होते.

अखेरची वर्षे सुखाची नव्हती. विलायतेतील मंडळीशी मालमत्तेवरून बेबनाव होऊन १८२७ साली संबंध तुटला. १८३० नंतर कलकत्त्यातील मोठमोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या, त्यांत ठाण्याच्या ठेवीही गेल्या. केरींनी बंगाली बायबलाची शेवटची दुरुस्ती तेवढी हातावेगळी केली. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच ते वारले. १७९३ साली सोडलेला स्वदेश त्यांनी पुन्हा पाहिला नाही. मृत्युपत्रात सांगण्याजोगी मालमत्ता नव्हती. पुस्तके विकून जो पैसा येईल त्यातून जाबेझ नावाच्या मुलास १५०० रुपये द्यावेत, अशी एक कलमबंदी होती. हा जाबेझ म्हणजे जहाज सुटण्याच्या आदल्याच महिन्यात डॉरोथीस झालेला मुलगा. दुसरे कलम दफनाचे: आपणास दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी ठेवावे. डॉरोथीचेही थडगे त्याच मिशनच्या कबरस्तानात आहे.