पीक कापणी प्रयोगाला शिस्त लावणारे डॉ. पां. वा. सुखात्मे

नातेपुत्याहून पश्चिमेला माण तालुका ओलांडला की खटाव तालुका लागतो. त्यातील बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. आज उपग्रहाच्या छायाचित्रांवरून संगणक पिकाच्या उत्पादनाचा अंदाज काढतो. त्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घ्यायला सुखात्म्यांचे काम माहीत असणे गरजेचे आहे.

शिक्षण आणि सुरुवात

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले. तेथे नेमन यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांकडे ते नमुना पाहणीचे शास्त्र शिकले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. भारतात परतल्यावर १९४० मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. तेथे त्यांनी उभ्या केलेल्या विभागातूनच पुढे दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था वाढली.

त्या काळी उत्पादनाचा अंदाज बहुतेक नजरेनेच, आणेवारीने ठरत असे. त्याऐवजी गाव, शेत आणि शेतातील जागा चिठ्ठी टाकल्यासारखी निवडावी आणि तेवढेच पीक कापून तोलावे, ही पद्धत त्यांनी अनेक प्रांतांत रुजवली.

प्लॉट केवढा असावा?

यावरून त्यांचा बंगालमधील प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबीस लहान गोल प्लॉट वापरत. त्यात वेळ आणि खर्च वाचे. सुखात्म्यांनी १९४४-४५ मध्ये मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर वेगवेगळ्या आकारांचे प्लॉट कापून पाहिले. लहान प्लॉटमध्ये उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, असे त्यांना आढळले.

कारण साधे आहे. कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. १ बाय १ मीटरच्या प्लॉटला १ चौरस मीटरमागे ४ मीटर कड असते. १० बाय ५ मीटरच्या प्लॉटला १ चौरस मीटरमागे फक्त ०.६ मीटर. कड जितकी जास्त, तितकी ही चूक मोठी. शिवाय ती नेहमी एकाच बाजूला होते. त्यामुळे असे हजार प्लॉट कापले तरी सरासरी सुधारत नाही.

माणसाच्या आहाराचे मोजमाप

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. तेथून निवृत्त झाल्यावर पुण्यात राहून त्यांनी आहारावर काम केले. निरोगी माणसाचाही आहार रोज सारखा नसतो. त्यामुळे एखाद्या दिवशी सरासरी गरजेपेक्षा कमी खाल्ले म्हणून कोणाला कुपोषित ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वि. म. दांडेकर यांना ते पटले नाही. यामुळे भुकेची खरी व्याप्ती कमी दाखवली जाते, अशी टीका झाली. सुखात्म्यांनी मात्र अन्नाबरोबर स्वच्छ पाणी आणि शौचालयांचाही आग्रह धरला. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज आपल्याला काय उपयोग?

मशिन लर्निंगमध्ये संगणकाला अनेक शेतांची छायाचित्रे आणि त्याच शेतांत तोलून आलेले उत्पादन, अशा जोड्या दाखवतात. त्यातून तो दोन्हींचा संबंध शिकतो आणि न मोजलेल्या शेताचा अंदाज देतो. रुग्णांच्या तपासण्यांवरून आजार ओळखणारा संगणकही असाच शिकतो. शिकवतानाचे आकडेच फुगलेले असतील, तर संगणक तीच चूक सगळीकडे करतो.

पीकविम्यात याचा थेट फटका बसतो. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा कमी आले तरच भरपाई मिळते. मंडळात कालव्याखालची हिरवी शेते आणि माळावरची कोरडवाहू शेते दोन्ही असतील, तर चांगली शेते निवडून कापल्यास कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान कागदावर दिसतच नाही. म्हणून:

- निवड झालेलाच गट नंबर घ्यावा. पीक वाईट आहे म्हणून शेत बदलू नये.
- प्लॉटची जागा शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून ठरवून दिलेली पावले मोजूनच धरावी.
- दोरी ताणून काटकोन तपासावा. ज्या झाडाचे बूड दोरीच्या आत, तेवढेच धरावे.
- निवड झालेल्या शेतकऱ्याने प्रयोगाआधी काढणी करू नये. कापणी आणि वजनाच्या वेळी हजर राहावे, आकडा पाहूनच सही करावी.