संत मार्क जी त्यानशियांग : तीस वर्षे ख्रिस्तशरीरावाचून

दरवर्षी ९ जुलै रोजी ख्रिस्तसभा चीनमधील १२० रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. या १२० जणांत बिशप आहेत, धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, लहान मुले आहेत. त्यांच्यातच एक वैद्यही आहेत, ज्यांचे अफूचे व्यसन शेवटपर्यंत सुटले नाही. संत मार्क जी त्यानशियांग हे त्यांचे नाव. यातील ‘जी’ हा आपल्याकडील आदरार्थी प्रत्यय नव्हे. ते त्यांचे आडनाव आहे.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील धर्मग्रामांत व्यसनाधीन माणसांची व त्यांच्या कुटुंबांची सेवा करणारे अनेक बंधुभगिनी आहेत. दिवसभराचे काम आटोपून ते रात्री चाळीचे जिने चढतात, कोणाला दवाखान्यात नेतात, कोणाच्या पत्नीचे अश्रू पुसतात. त्यांच्या मनात प्रेमाची वाण नाही. या प्रेमाला ज्ञानाची जोड का हवी, हे संत मार्क यांच्या चरित्रातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रातून होत असेल. म्हणून ते आज आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

गरिबांचा वैद्य

मार्क जी यांचा जन्म १८३४ साली उत्तर चीनमध्ये, आज हबेई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रांतात, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. ते वैद्यकी शिकले आणि आपल्या भागात नावारूपाला आले. गोरगरिबांकडून ते उपचाराचे पैसे घेत नसत. धर्मग्रामातही त्यांना मान होता. सुखी संसार, चांगला व्यवसाय आणि दृढ श्रद्धा अशी त्यांची ओळख होती.

पुढे त्यांना पोटाचा तीव्र विकार जडला. त्या काळी वेदनाशामक म्हणून अफू सर्रास दिली जाई. मार्क यांनीही स्वतःवर तोच उपचार केला. दुखणे गेले, अफू मात्र राहिली. जे औषध म्हणून घेतले, त्यावाचून दिवस जाईना अशी अवस्था झाली. वैद्य स्वतःच रोगी झाला.

मुंबई आणि अफू

ही कहाणी दूर देशीची वाटली, तरी तिच्याशी आपल्या शहराचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून जहाजांनी चीनला जात असे. त्या व्यापारातील नफ्यावर या शहराची मोठी भरभराट झाली. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. त्यासाठी उदारहस्ते देणगी देणारे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीतही अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. या व्यापारात आपलेही लोक होते. मूळ गोव्याचे कॅथलिक व्यापारी रॉजर द फारिया हे त्यांच्यापैकी एक.

चीनच्या राज्यकर्त्यांनी अफूला विरोध केला, तेव्हा १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे झाली. त्यानंतर अफूची आयात कायदेशीर ठरली. पुढे चीनमध्येही अफूची लागवड अफाट वाढली आणि गावोगावी लोक तिच्या आहारी गेले. भारतातून चीनला होणारी अफूची निर्यात १९१३ साली थांबली. व्यसनाकडे केवळ एका माणसाच्या मनाचा दुबळेपणा म्हणून पाहणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा. माणूस व्यसनात पडतो, त्यामागे कधी दुखणे असते, कधी बेकारी असते आणि कधी दुसऱ्या कोणाचा नफा असतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद होत गेले, तेव्हा गिरणगावातील अनेक घरांत दारूने कसा शिरकाव केला, हे लालबाग-परळच्या जुन्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको.

बंद झालेले दार

मार्क यांना आपल्या व्यसनाची लाज वाटत असे. ते वारंवार प्रायश्चित्त संस्कारासाठी जात आणि आपले पाप निवेदन करीत. पापक्षमा मिळे, ते घरी परतत आणि पुन्हा अफूकडे वळत. असे पुष्कळदा घडल्यावर त्यांच्या धर्मगुरूंनी त्यांना पापक्षमा देण्यास नकार दिला. पुन्हा पाप न करण्याचा दृढ संकल्प हा खऱ्या पश्चात्तापाचा भाग आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जो तेच पाप घेऊन पुनःपुन्हा येतो, त्याचा संकल्प खरा नाही, असा निष्कर्ष त्या धर्मगुरूंनी काढला. व्यसन सुटेपर्यंत पापक्षमा नाही आणि पापक्षमा नाही म्हणून ख्रिस्तशरीरही नाही, असे ठरले.

त्या धर्मगुरूंना दोष देण्याची घाई आपण करू नये. व्यसन हा आजार आहे, तो शरीर आणि मन या दोहोंना जखडतो, ही समज तेव्हा वैद्यांमध्येही रुजलेली नव्हती. ते आपल्या शिक्षणाप्रमाणे वागले, कदाचित मार्क यांच्या भल्यासाठीच कठोर झाले. परंतु त्या कठोरपणाची किंमत एका माणसाने तीस वर्षे मोजली. रोग्याला औषधाची सर्वाधिक गरज होती, त्याच काळात ते त्याच्यापासून दूर ठेवले गेले.

दुसरा कोणी असता तर त्याने देवळाची वाट सोडली असती. मार्क यांनी ती सोडली नाही. तीस वर्षे ते मिस्सेला येत राहिले. इतर जण ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी पुढे जात, तेव्हा ते मागेच राहत. ते प्रार्थना करीत राहिले, व्यसनाशी झगडत राहिले आणि हरत राहिले. आपण या व्यसनातून सुटणार नाही असे वाटू लागल्यावर त्यांनी एकच मागणे धरले : निदान रक्तसाक्षी होऊन तरी देवाकडे जाता यावे.

शेवटचा प्रवास

१९०० साली उत्तर चीनमध्ये बॉक्सर बंडाचा वणवा पेटला. परकीयांविरुद्धच्या त्या उठावात हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. मार्क, त्यांचा मुलगा, सुना आणि नातवंडे असे सारे कुटुंब पकडले गेले. श्रद्धा नाकारली तर प्राण वाचतील, अशी वाट त्यांच्यापुढे होती. ज्या माणसाला ख्रिस्तसभेने तीस वर्षे आपल्या मेजापासून दूर ठेवले होते, त्याने त्या ख्रिस्तसभेचा हात सोडला नाही. वधस्थळाकडे जाताना एका नातवाने आपण कुठे चाललो असे विचारले, तेव्हा आपण घरी चाललो आहोत असे आजोबांनी सांगितल्याची आठवण आजही सांगितली जाते.

मार्क यांनी मारेकऱ्यांकडे एकच विनंती केली : सर्वांच्या शेवटी आपल्याला मारावे. घरच्यांपैकी कोणालाही एकटे मरावे लागू नये, ही त्यामागची इच्छा होती. एकेका जिवलगाचा मृत्यू पाहत ते त्यांच्यासोबत उभे राहिले आणि पवित्र मरियेची लितानी गात त्यांनी आपले प्राण अर्पण केले. तो दिवस होता ७ जुलै १९००. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी अन्य ११९ जणांसह त्यांना संतपद बहाल केले. व्यसन न सुटलेला माणूसही संत होऊ शकतो, याची ही साक्ष आहे.

नंतर उमगलेले

मार्क यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेतील ॲक्रन या गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा उगम झाला. तेथील सेंट थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ पासून डॉ. बॉब स्मिथ यांच्या साथीने मद्यपींना रुग्ण म्हणून दाखल करून घेण्यास प्रारंभ केला. धर्मभगिनीची करुणा आणि डॉक्टरांचे ज्ञान तेथे एकत्र आले. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. सवय, भीती व मानसिक कारणे यांमुळे माणसाच्या कृतीची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो. आज मार्क एखाद्या धर्मगुरूंकडे गेले असते, तर त्यांना पापक्षमेबरोबर डॉक्टरांकडे जाण्याचा सल्लाही मिळाला असता, अशी आशा आहे. परंतु हे आपोआप घडत नाही. ते कोणीतरी शिकावे लागते.

प्रेमाला शिकवण का हवी

आपल्या स्वयंसेवकांपुढे आज जे प्रश्न येतात, त्यांतील काही जीवनमरणाचे असतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास त्याला भास होऊ लागतात, भान हरपते आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. अशा माणसाला चांगल्या हेतूने खोलीत ठेवून त्याच्यासाठी जपमाळ म्हणत बसणारा स्वयंसेवक नकळत त्याचा जीव धोक्यात घालतो. जपमाळ जरूर म्हणावी. मात्र ती रुग्णालयाच्या बाकावर बसून म्हणावी.

गर्दचे व्यसन असलेला तरुण काही महिने दूर राहून परत आला की त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीच्याच मात्रेने त्याचा श्वास थांबू शकतो. म्हणून केंद्रातून घरी आल्यानंतरचे दिवस सर्वाधिक जपायचे असतात. दारूची शिसारी आणणाऱ्या गोळ्या नवऱ्याला नकळत चहात वा जेवणात घालण्याचा प्रकार कित्येक घरांत चालतो. त्या गोळ्यांवर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रुग्णाच्या संमतीशिवाय व डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्या देऊ नयेत. त्याचप्रमाणे प्रार्थनेने बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करण्याचा सल्ला कोणाही स्वयंसेवकाने देऊ नये.

प्रशिक्षणात आणखीही पुष्कळ गोष्टी येतात. समोरच्याचे ऐकावे कसे, उपदेश कधी आवरावा, सांगितलेली गोष्ट गुप्त कशी ठेवावी, उसने पैसे देण्यास नकार कसा द्यावा, आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्याला एकटे न सोडता मदत कशी मिळवावी, मार खाणाऱ्या पत्नीची व घाबरलेल्या मुलांची सुरक्षितता आधी कशी पाहावी, हे सारे शिकता येते. पुन्हा व्यसनाकडे वळणे हे या आजारात वारंवार घडते, हेही तेथे समजते. हे ठाऊक असलेला स्वयंसेवक चौथ्या वेळी आलेल्या माणसासाठीही दार उघडतो. स्वतः थकून कोलमडू नये म्हणून काय करावे, हेही त्याला शिकायचे असते.

शुभवर्तमानातील भला शोमरोनी आपण सर्व जाणतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेत नेऊन दुसऱ्याच्या हाती सोपविले, खर्चाचे पैसेही दिले. आपले काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे त्याला ठाऊक होते. सेवेचा तो फार मोठा गुण आहे.

शिकण्याची सोय दूर नाही

सुदैवाने यासाठी फार लांब जावे लागत नाही. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनची सुरुवात केली. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण उभे केले. तेथे व्यसनमुक्त झालेल्या अनेकांनीच पुढे शिकून कार्यकर्ते म्हणून काम केले. बंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय संस्थाही या विषयाचे शिक्षण देते. परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे. आणि मुंबई सेंट्रलचे नायर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तेथील डॉक्टरांशी प्रत्येक धर्मग्रामाच्या गटाने ओळख करून घ्यावी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या खुल्या सभांना बसून नुसते ऐकले, तरी पुष्कळ शिकायला मिळते. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनचे गट आहेत. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवाही प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडपाठ असावी.

धर्मग्राम परिषदांना आमची विनंती आहे की सणाच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून दरवर्षी निदान दोघा स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा भार उचलावा. आम्हां धर्मगुरूंनीही त्यांच्यासोबत बसून शिकावे. पापनिवेदनाच्या जागी व्यसनी माणसाला पहिल्यांदा भेटतो तो बहुधा धर्मगुरूच.

आपल्या देवळांतही शेवटच्या बाकावर कोणी मार्क बसलेला असतो. मिस्सा संपण्याआधीच तो निघून जातो, कारण त्याच्या तोंडाला वास येत असतो आणि लोकांच्या नजरा त्याला टोचत असतात. त्याला तीस वर्षे ताटकळत ठेवू नये, एवढे ज्ञान आता आपल्याला उपलब्ध आहे. ते मिळविणे हाही सेवेचाच भाग आहे. येत्या ९ जुलैला प्रत्येक धर्मग्रामात व्यसनाधीन व्यक्तींसाठी, त्यांच्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या सेवकांसाठी एक मिस्सा अर्पण व्हावी, आणि त्याच दिवशी प्रशिक्षणासाठी इच्छुकांची नावे नोंदविली जावीत. संत मार्क जी यांची मध्यस्थी या कार्याला लाभो, हीच प्रार्थना.